शनिवारची सतरंजी

मी आशागडच्या वाचनालयाची सतरंजी बोलतेय. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, चांगली वीस फूट लांब. ‘आयुष्यभर सतरंज्याच उचलल्या’ असं माणसं कपाळाला हात लावून म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. माझ्यावर कोण कोण बसून गेलं, हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

माझा जन्म मागावरचा. २०१४च्या दिवाळीनंतर मी इथे आले आणि वर्षभर कपाटावर गुंडाळून पडले. झुरळांखेरीज कुणी विचारत नव्हतं. मग सुनिताबाई ग्रंथपाल झाल्या. त्यांनी मला उन्हात टाकून काठीनं बडवलं आणि दर शनिवारी संध्याकाळी अंथरायला सुरुवात केली. कधी गोष्टी, कधी कोडी, कधी वारली चित्रं. चिकूच्या वाडीतून सुटलेल्या बाया आणि किनाऱ्यावरच्या आगर गावच्या मासळीवाल्या माझ्यावर मांडीला मांडी लावून बसल्या. चिकूचा चीक, सुक्या बोंबलाचा वास, सगळं मी पोटात घेतलं. गालिच्याच्या नशिबी आहे का हे?

समितीतल्या जतीनभाईंना मात्र हे पसंत नव्हतं. मोठ्या चिकूवाडीचे मालक ते, मराठीला गुजरातीचा हेल. ते म्हणाले, “सुनिताबेन, लायब्ररी वाचायसाठी हाय ने. या शनिवारी गाणी ठेवली, ती कशाला? मी येतो बघायला. ठीक नाय वाटला तर बंद.”

२०१६चा ऑगस्ट होता. भाताची आवण, म्हणजे रोपांची लावणी, नुकतीच उरकली होती. सुनिताबाईंनी पाड्यावरच्या शुक्रीआजीला लावणीच्या वेळची गाणी ऐकवायला बोलावलं होतं. मोठ्या मानानं खुर्ची मांडली, पुढे माइक ठेवला. आजी खुर्चीवर बसली आणि गप्पच राहिली. जतीनभाई घड्याळ पाहू लागले. मला धडकी भरली. शनिवार बंद झाला तर मी पुन्हा कपाटावर जाणार होते, आणि या बाया पुन्हा वाचनालयाच्या बाहेर.

“गा ना, आजी,” सुनिताबाई हळूच म्हणाल्या.

“एकटीनं कशी गाऊ, बाय? मी टाकीन, तं उचलील कोण?”

तेव्हा बाईंना स्वतःची चूक कळली. आवणीचं गाणं एकीचं नसतंच. शेतात वाकलेल्या बायांपैकी एक ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. आजीबरोबर आलेल्या सहा जणी बाहेर ओट्यावरच उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

“या गं आत,” सुनिताबाई म्हणाल्या.

“पाय चिखलाचं हायत. खराब होल ना,” त्यांतली तानी म्हणाली.

“होऊ दे. मी धुईन.”

आजी खुर्चीवरून उतरली, माइक बाजूला सारला आणि माझ्या मधोमध बसली. सहा जणी तिच्याभोवती. तिनं टाकलं, त्यांनी उचललं. दुसऱ्या गाण्याला आगरच्या बायाही उचलू लागल्या, शब्द येवोत न येवोत. त्या दिवशी मी जी फुगले, ती अजून फुगलेलीच आहे.

गाणं संपल्यावर जतीनभाई माझ्या कडेला येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “आमच्या वाडीत ह्या बाया रोज गातात. मी कधी उभा राहून ऐकला नाय.” शनिवार बंद करण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. चिखल दोन धुण्यांत निघाला. राहिला असता तर मला आवडलं असतं.

आता २०१९ चालू आहे. माझ्या कडा उसवल्यात, एका कोपऱ्यावर उंदरानं दात चालवलेत. मागच्या वर्षी शुक्रीआजी गेली. हल्ली तानी टाकते आणि पोरीबाळी उचलतात. वाचनालयात चाळीस नव्या खुर्च्या आल्यात. येऊ देत, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना बऱ्या.

मी फार दिवस टिकणार नाही. माझं पोतेरं करा, पायपुसणं करा, माझी हरकत नाही. पण शनिवार आला की जमिनीवर काहीतरी अंथरा, आणि ओट्यावर कुणी उभं आहे का, ते आधी बघा.