पाळ फोडणारा निंजा

अंजूने निंजाच्या सिनेमावर सहाशे शब्द लिहिले होते आणि त्यातला एकही तिचा स्वतःचा नव्हता. हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ती भांडायला उठली असती. पण म्हणाले ते नागपूरच्या पेपरातले हिमांशू सर, आणि त्यांच्याशी भांडायची सोय नव्हती.

"छान आहे," शनिवारी सर फोनवर म्हणाले, "पण वेगवान पटकथा, नेत्रदीपक छायांकन, हे मला कुणीही लिहून देतं. तुम्ही सौंदडच्या ना? मग सौंदडच्या माणसाला हा सिनेमा कसा दिसतो, ते लिहा. उद्या पाचपर्यंत पाठवा. जमलं तर सोमवारचं सिनेमाचं सदर दर आठवड्याला तुमचं. नाही जमलं तर मी दुसरं कुणी बघतो."

आता जपानच्या निंजात सौंदड कुठून आणायचं? एम.ए. झाल्यापासून तीन वर्षं अंजू पोरांच्या शिकवण्या घेत होती आणि तपासायला आलेल्या वह्यांच्या मागच्या पानांवर सिनेमांबद्दल लिहीत होती. हे सदर तिला हवं होतं. इतकं हवं होतं की घरात तिने कुणाला नीट सांगितलंही नव्हतं. सिनेमा पुन्हा एकदा पाहायचा, एवढंच तिला सुचलं.

"पुन्ना?" आई, धुरपताबाई, चुलीपुढून उठलीच. "एकच पिक्चर दोनदा पैसे देऊन पायतेस, तं आमाले बी दाखव एकदा."

म्हणून रविवारी सकाळी सौंदड स्टेशनवरून तिघं गोंदियाच्या गाडीत चढली. बाबांनी लग्नाकार्याचा पांढरा सदरा घातला होता आणि खांद्यावर नवा दुपट्टा टाकला होता.

"निंजा म्हंजे कोन होय?" त्यांनी विचारलं.

"काळे कपडे घालून, तोंड झाकून, लपून लपून मारते तो."

"म्हंजे चोर," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर कुणाचा धान कसा आहे ते पाहू लागले. त्यांच्यापुरता विषय मिटला होता.

पण मारामारी सुरू झाली तशी बाबांची कळी खुलली. निंजा भिंतीवर चढला, छपरांवरून पळाला, एकाच वेळी नऊ जणांना लोळवलं त्याने. हिंदीत डब केलेल्या प्रत्येक आरोळीला बाबा मान डोलावत होते. आई तर प्रत्येक तलवारीला "अगं बाई" म्हणून अंजूचा दंड धरत होती. अंजू मात्र अंधारात मोबाइलवर लिहायला काहीतरी सापडतंय का ते शोधत बसली होती. काही सापडत नव्हतं.

मग तो तलाव आला. निंजाच्या गुरूला मारणारा सरदार किल्ल्यात दडून बसलेला, किल्ल्याच्या वरच्या अंगाला भला मोठा तलाव आणि मधल्या उतारावर हिरवीगार भातखाचरं. बाबा खुर्चीत ताठ झाले.

"पार चांगली बांधली हाये," ते आईला म्हणाले. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, बाबा पारच म्हणतात. त्यांचं घराणं कोहळ्यांचं. पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारी माणसं. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी ते आधी तलाव पाहून येतात.

निंजा खांद्यावर बंदुकीच्या दारूचं पोतं घेऊन पाळीवर चढला.

"हा काऊन तिकडं जाऊन राहिला?"

धडाका झाला. पाळ फुटली, थेटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला, आणि त्या शिट्ट्यांमध्ये बाबा उभे राहून ओरडले, "अबे, फोडू नको ना! खाली धान रोवला हाये!"

शिट्ट्या थांबल्या. पुढून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "अरे चाचा, पिक्चर है, बैठो ना." मागून दुसरा आवाज आला, "बराबर बोलून राहिले काका! धानाचं का होईन?" अंजूला वाटलं, खुर्चीखाली जागा असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात पडद्यावर सरदाराचा एक शिपाई धावत आला. भाला फेकला, भगदाडात पाठ टेकवून बसला आणि दोन्ही पाय मातीत रोवले. सगळं मिळून चार सेकंद. पहिल्या वेळी अंजूला तो दिसलाही नव्हता.

"वा रे गड्या!" बाबांनी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या थेटरात एकट्याने. "दाब, दाब! माती आना रे कोनी!"

माती कुणी आणली नाही. पाणी त्याला घेऊन गेलं. निंजा छपरावर हात जोडून उभा राहिला, लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि बाबा खाली बसून दुपट्ट्याने डोळे पुसू लागले.

अंजूने मोबाइल खाली ठेवला. ती नऊ वर्षांची असताना एका श्रावणात गावच्या तलावाला असंच भगदाड पडलं होतं. वाळूची पोती येईपर्यंत बाबा आणि आणखी तिघं त्यात आळीपाळीने पाठ लावून बसलेले तिने पाहिले होते. ही गोष्ट बाबांनी कधी सांगितली नव्हती आणि तिनेही कधी विचारली नव्हती. तिला एकदम रडूही आलं आणि हसूही आलं, कारण काय लिहायचं ते आता तिला ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत तिने खाली मान घालून लिहिलं. सौंदडला उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर दोघांना बसवून वाचून दाखवलं. न विचारता पाठवणं तिला बरं वाटेना. 'हा सिनेमा निंजाचा आहे असं पोस्टर सांगतं,' तिने लिहिलं होतं. 'माझ्या बाबांना तसं वाटत नाही. त्यांच्या मते यात एकच शूर माणूस आहे आणि तो चार सेकंद दिसतो. तो गेला तेव्हा बाबा रडले.'

बाबांनी आधी फलाटावर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. तलावाच्या पाणीवाटप संस्थेचे ते अध्यक्ष होते, आणि सोमवारचा पेपर चौकातल्या पानठेल्यावर येतो.

"रडलो ते काढ," ते म्हणाले.

"ते काढलं तं काईच उरत नाही, बाबा."

"कायले नाही उरत? मारामारी लिही. झकास होती."

"ते आधीच लिवली. वापस आली." पाचला पंधरा मिनिटं होती. "नाही म्हनसान तं नाही पाठवत मी."

"रडले तं रडले," आई मध्येच म्हणाली. "माह्यासाठी कधी रडले नाही, अन् जपान्यासाठी रडले. येऊ द्या पेपरात."

बाबांना हसू आलं. ते लपवायला त्यांनी दुपट्टा झटकला. "त्या शिपायाचं नाव टाकलं का?"

"नाव नाही त्याले. शेवटच्या यादीत बी 'शिपाई' एवढंच हाये."

"जीव देला गड्यानं, अन् नाव नाही?" बाबांना हे निंजापेक्षाही जास्त लागलं. थोडा विचार करून ते म्हणाले, "मंग माह्यं नाव टाक. अन् रडलो ते राहू दे."

'त्याला सिनेमात नाव नाही,' अंजूने भराभरा टंकलं, 'आमच्या घरी त्याला उमराव म्हणतात.' चार वाजून छप्पन्न मिनिटांनी तिने ते पाठवलं आणि तिघं बाकावरच बसून राहिली. घरी जायचं कुणी नाव काढेना.

वीस मिनिटांनी फोन आला.

"उद्या छापतोय," हिमांशू सर म्हणाले. "पुढच्या रविवारी पाचपर्यंत पुढचा सिनेमा. त्याच्या पुढच्या रविवारीही."

अंजूने नुसतीच मान हलवली, जणू सरांना ती दिसणार होती. आईला तेवढ्यावरूनच कळलं आणि तिने फलाटावर सगळ्यांदेखत लेकीची अलाबला घेतली.

"एक विचारायचं राहिलं," सर म्हणाले. "वडिलांचं नाव छापलं तर त्यांची हरकत नाही ना?"

अंजूने फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी सदरा नीट केला, घसा खाकरला आणि नागपूरला फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उमराव बोलतो. छापा साहेब. मोठ्या अक्षरात छापा!"