मंगळवारची गाडी

मी मंगळवारची गाडी बोलतेय. हे नाव मला अजून शोभतं की नाही, याची माझी मलाच खात्री नाही. पण घरात मला तेच म्हणत.

मेक्सिको सिटीत धूर फार झाला, तेव्हा नियम आला: प्रत्येक गाडीने आठवड्यातून एक दिवस घरी बसायचं. कोणता, ते नंबरपाटीच्या शेवटच्या आकड्यावरून. लेओबार्दोच्या गाडीच्या वाट्याला मंगळवार आला. बसने जाण्याऐवजी त्याने वेगळ्या आकड्याची दुसरी गाडी आणली, ती मी. हिरवी, फुगीर पाठीची, तेव्हाच म्हातारी. गल्लीत बऱ्याच जणांनी असंच केलं. हुशारी वाटली सगळ्यांना.

पण दारात नुसती उभी असलेली गाडी माणसांना बघवत नाही. माझ्या आकड्याचा बुधवार सोडला, तर मी रोज बाहेर. लेओबार्दोची बायको एल्विरा माझ्यावरच चालवायला शिकली. तोवर तिने विकायला केलेल्या जेलीचे साचे नवऱ्याला सवड झाली तरच बाजारात पोचायचे.

"अगं, गिअर आहे तो, पिठाचा गोळा नाही!" तो ओरडायचा.

"मग उतर आणि चालत ये," ती म्हणायची.

पुढे तिला दम्याने धरलं. मी सुरू झाले की ती नाकाला रुमाल लावायची आणि दुसऱ्या हाताने माझं स्टिअरिंग थोपटायची. माझाच धूर असेल का? शहरात लाखो गाड्या. तरी ही शंका मला गंजासारखी लागली.

त्यांची मुलगी नोएलिया अर्थशास्त्र शिकली. कायदा आला की माणसं काय करतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. एका रविवारी अंगणात जेवताना तिने बापालाच विचारलं, "बाबा, नियम नसता तर ही घेतली असती?"

"ही? फुकट दिली असती तरी नाही!"

"म्हणजे धूर कमी करायच्या नियमानेच आपल्या दारात धूर आणला. आईच्या छातीचं काय होतंय, दिसत नाही? काढा ही मोडीत."

"एवढं शिकवलं, ते आमच्यावरच प्रबंध लिहायला?"

एल्विरा म्हणाली, "आणि मी गाडी चालवायला शिकले, ते कुठे लिहिलंस?"

नोएलियाने ते कुठेच लिहिलं नव्हतं.

"लिही तेवढं," एल्विरा खोकत म्हणाली. "मग मीच सोडून येते हिला."

आज मंगळवार. तिनेच मला भंगाराच्या आवारात आणलं. शेजारी बसलेला लेओबार्दो एकदाही गिअरवरून बोलला नाही. उतरताना तिने बसायची उशी तेवढी घेतली.

"बस दिसली तरी धावायचं नाही हं," तो म्हणाला. दोघं सावकाश थांब्याकडे गेली.

नियम करणाऱ्यांनो, मला तुमच्या चांगल्या हेतूनेच जन्माला घातलं. पुढचा नियम कराल, तेव्हा आधी एखाद्या गल्लीत जाऊन विचारा, आता तुम्ही काय कराल? आणि दार एल्विराने उघडलं, तर उत्तरासाठी जरा थांबा. तिला दम लागतो.