गणिताच्या पुढचा रकाना

कोणी मले इचारलं का केसानं गळा कापणं म्हणजे काय, तं मी त्याले यवतमाळच्या सुचित्रा मॅडमच्या घरचा पत्ता देईन. त्यायच्या हॉलमधे पांढरा फळा हाय. त्याच्यावर त्यायनं निळ्या पेननं माह्ये मार्क लिवले होते. गणित एकशे अठ्ठेचाळीस, इंग्रजी वाचन एकशे सत्त्याऐंशी, दोन्ही अडीचशेपैकी. बस, एवढंच लिवलं, आणि एवढ्यातच माह्यं वाटोळं झालं.

मी बबिता, नेमसिंग राठोडची मोठी पोरगी. नेरच्या पुढे आमचा तांडा हाय. घरी आम्ही गोरबोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि परीक्षा आली का इंग्रजी. एकच गोष्ट समजाले मले चारदा डोकं खाजवा लागे. गणिताचं तसं नाही. गणित चारही ठिकाणी तेच. सहावीपासून मी गणितात कोणाले काही इचारलं नाही. राग आला का मी गणितं सोडवत बसे, आणि राग मले लय येते, म्हणून गणितंही लय झाले.

मले पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्राले जायचं होतं. बारावीनंतर देशभराची जी प्रवेश परीक्षा असते, तिच्यावर तिथं नंबर लागते. पण त्यात इंग्रजी वाचनाचा एक वेगळा पेपर, आणि तिथंच माही गाडी अडे. मॅडमनं मले दोन वर्षं फुकट शिकवलं. मी वसतिगृहातून संध्याकाळी जायची, त्या चहा देत आणि एक उतारा मोठ्यानं वाचून घेत. चुकलं का पहिल्यापासून. खोटं कायले बोलू, त्या बाईनंच मले वाचाले शिकवलं. म्हणूनच तं जास्त झोंबते.

फॉर्म भरतानी मोबाइल नंबर मॅडमचाच टाकला होता. आमच्याकडे तसंच करतात. बाच्या फोनमधे रिचार्ज कधी असते, कधी नसते, आणि तांड्यात रेंजसाठी टेकडीवर जा. मंग कोणी सरचा नंबर टाकते, कोणी सेतूवाल्याचा, ज्याचा फोन चालू त्याचा. ओटीपी त्यायच्याकडे, म्हणजे घराची चाबीच त्यायच्याकडे. ह्यात आम्हाले कधी काही वावगं वाटलं नाही.

निकालाच्या दिवशी मॅडमनं लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला, पाह्यलं, आणि उठून फळ्यावर ते दोन आकडे लिवले. मले इचारलं का मोठा कोणता. मोठा इंग्रजीचाच होता, एकोणचाळीसनं. मले पहिले खरंच नाही वाटलं. गणिताचा पेपर अवघड गेलता, पण एवढा? मॅडमनं पाठीवर हात ठेवून समजावलं का तांड्यात पहिली येणं वेगळं आणि देशात वेगळं, आकडे काही खोटं बोलत नाहीत, तुझी ताकद वाचनात हाय, तू इंग्रजी साहित्याले जा. मी रडली, आणि बावळटावानी हो म्हटलं. पाचही पसंतीत त्यायनं इंग्रजी टाकलं आणि अर्ज पक्का केला. नागपूरच्या एका कॉलेजात बीएले माहा नंबर लागला.

कॉलेजात निकालाची आणि अर्जाची छापील प्रत लागत होती, म्हणून मी नेरच्या सेतू केंद्रात गेली. तिथं रंजिता बसते, माह्यापेक्षा चार वर्षांनं मोठी, असे कागद दिवसातून पन्नास काढते. ओटीपीसाठी मॅडमले फोन लावला तं त्यायच्या पोरानं, साकेतदादानं उचलला आणि आकडा सांगून देल्ला. कागद निंगाला. रंजितानं तो पाह्यला आणि मले म्हणे, "काहून वो, एवढं गणित सोडून बीए कायले घेतलं?"

मी म्हटलं, मार्क पाह्य ना. थे म्हणे, मार्क काय पाह्यते, पुढचा रकाना पाह्य. मंग तिनं बोट ठेवून समजावलं. गणिताचा पेपर यंदा सगळ्यायलेच अवघड गेला. त्यात एकशे अठ्ठेचाळीस म्हणजे शंभर पोरायतले अठ्ठ्याण्णव माह्या मागे. इंग्रजी सोपं होतं. त्यात एकशे सत्त्याऐंशी म्हणजे एकाहत्तरच मागे. दोन पेपरचे मार्क असे बाजूबाजूले ठेवून पाह्याचेच नसतात, पुण्याचं ते कॉलेज पुढच्या रकान्यावर प्रवेश देते. पहिल्याच यादीत माहा नंबर लागला असता. मी इचारलं, आता बदलता येते का? पसंती बदलायची तारीख जाऊन चार दिवस झाले होते.

मी, गणितवाली, नुसता मोठा आकडा पाहून फसली. पहिले मले आपलाच राग आला. यवतमाळच्या एसटीत बसल्यावर दुसरी गोष्ट डोक्यात आली. मॅडमसमोर त्या दिवशी पूर्ण कागद होता, आणि फळ्यावर त्यायनं दोनच आकडे उतरवले. तिथून पुढे माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मॅडमच्या टेबलावर फ्लेक्सचा नमुना पडून होता. माहा फोटो, खाली इंग्रजी वाचनाचे मार्क, त्याच्याखाली इंग्रजी साहित्याले प्रवेश, आणि मार्गदर्शक म्हणून मॅडमचं नाव, माह्या नावापेक्षा मोठं. गणिताचा कुठी पत्ता नाही. मी उभ्याउभ्याच इचारलं, "तुम्हाले पुढचा रकाना माहीत होता?"

त्यायनं चष्मा काढला. नाही म्हणाल्या असत्या तं मी अजूनही मानलं असतं, एवढी मी त्यायची होती.

"माहीत होता," त्या म्हणाल्या. "गणित तू येतानाच घेऊन आली होतीस, बबिता. वाचन मी दिलं तुला. वीस वर्षं शिकवतेय मी. तू गणिताला गेली असतीस, तर माझं नाव कुणी घेतलं असतं?"

त्या सांगत राह्यल्या का बीएनंतर किती वाटा हायेत, मले पुढे कसं समजेल, आणि शनिवारी सत्कार हाय, बाले घेऊन ये. मी चपला घातल्या आणि निंगाली.

शनिवारी गेली. मॅडमची रीत हाय, सत्काराच्या पोरानं पालकायसमोर इंग्रजीतलं एक पान वाचून दाखवायचं. बाले शाल-नारळ देऊन पहिल्या ओळीत बसवलं होतं. बा मराठी पेपर रोज वाचते, इंग्रजीले हात लावत नाही. माह्यं लगन का माह्यं शिकणं, ह्यावरून त्यानं तांड्यात आपल्या सख्ख्या भावाशी, हरिसिंगकाकाशी वाकडं घेतलं होतं. एका शब्दानं मले कधी बोलून दाखवलं नाही. मॅडमनं माह्या हातात उतारा देल्ला. मी थो घडी करून बाजूले ठेवला आणि पिशवीतून माहे कागद काढले.

वरून खालपर्यंत वाचले, इंग्रजीत. गणित, मार्क, पुढचा रकाना. इंग्रजी, मार्क, पुढचा रकाना. पसंती पक्की केल्याची तारीख. नोंदवलेला मोबाइल नंबर, एक एक आकडा सुटा करून. कुठी अडखळली नाही. मॅडमचा चेहरा उतरत गेला, पण भरल्या हॉलात त्यायले उठता येईना.

वाचून झालं आणि टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त बानं वाजवल्या. बाजूचे एक काका मॅडमले म्हणाले, शिकवावं तं तुम्हीच. घ्या बाप्पा! तक्रार मी वाचली, आणि वाहवा मॅडमचीच झाली.

मी माइक सोडला नाही. बाकडे पाहून तेच सगळं आपल्या वऱ्हाडीत सांगतलं. गणितात शंभरातले अठ्ठ्याण्णव माह्या मागे होते, बा. पुण्याची जागा माहीच होती. मॅडमले माहीत होतं, त्यायनं मले सांगतलं नाही.

ह्याबारी कोणी टाळ्या वाजवल्या नाही. बानं खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. मॅडमकडे त्यानं पाह्यलंसुद्धा नाही. माह्यापाशी आला.

"मंग पुण्याले कवा जायचं?" त्यानं इचारलं.

"आता नाही जाता येत, बा. तारीख गेली."