नरोलीच्या पुढचा नाका

मी मुळातच तापट, त्यात त्या दिवशी सकाळपासून बाबा माझा अंत पाहत होते. रात्री मुंबईहून विमान, सोमवारी व्हिएतनामच्या शाळेत हजर व्हायचं. नाही झाले तर जागा दुसऱ्या कुणाला देऊ, असं तिकडच्यांनी स्पष्ट कळवलेलं. आणि आमचे बाबा, वीज खात्यातून निवृत्त झालेले, सिल्वासातल्या आमच्या डोकमर्डीच्या अख्ख्या सोसायटीत वक्तशीर म्हणून मिरवणारे, निघता निघता तीनदा परत वर गेले. एकदा चष्म्यासाठी. एकदा गॅस बंद आहे का बघायला. तिसऱ्यांदा कशाला, ते सांगितलंच नाही.

"बाबा, विमान माझ्या मामाचं नाहीये थांबायला!" मी खालून ओरडले.

"आलो गं, आलो. एवढी कसली घाई?"

आई केव्हाची गाडीत बसली होती, तोंड फुगवून. तिचा पहिल्या दिवसापासून विरोध. "इथल्या पोरांचं इंग्रजी सुधारलं वाटतं सगळं, म्हणून तिकडच्यांच्या मागे लागतेस?" हे तिचं पालुपद. बाबांचं उलट. त्यांनी पेढे वाटले. मासळीवालीपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं, "आमची केतकी परदेशात इंग्लिश शिकवायला चालली." त्यांच्याच जिवावर तर मी उड्या मारत होते.

मला जायचंच होतं. सहा वर्षं तीच शाळा, तोच वर्ग, तीच पोपटपंची. संध्याकाळी घरी आलं की कुणीतरी नवं स्थळ घेऊन बसलेलं. सिल्वासात जो तो कुठून तरी आलेला. आम्ही गुहागरचे, आमच्या खालचे सुकदेवकाका धुळ्याचे. पण एकदा आले की सगळे असे काही बूड टेकून बसतात की विचारू नका. माझ्या पायाला मात्र भिंगरी. महिनाभर झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं. जीव नुसता वर-खाली. एकदाची निघाले की सुटले, एवढंच डोक्यात.

गाडी सुकदेवकाकांच्या विकीची. काका राखोलीला धाग्याच्या कंपनीत आहेत, पण पोरगा म्हणाला मी मशीनपाशी उभा राहणार नाही, आणि त्यानं टॅक्सी घेतली. नवीकोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. बाबा त्याच्या शेजारी पुढे, आम्ही दोघी मागे.

"विकी, जरा चहा घेऊ या का?" पाच मिनिटं झाली नाहीत तोच बाबा म्हणाले.

"नको!" मी.

"बरं. पण हळू चालव रे."

"काका, याच्यापेक्षा हळू म्हणजे उतरून ढकलायला लागंल," विकी म्हणाला. आईसुद्धा हसली. बाबा हसले नाहीत.

नरोली मागे पडलं की गुजरातची हद्द. आमच्याकडे दारू मोकळी, तिकडे बंदी, म्हणून नाक्यावर पोलीस गाड्या तपासतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विकी दर खेपेला निघण्याआधी प्रवाशांच्या पिशव्यासुद्धा चाचपायचा. आमच्या त्यानं चाचपल्या नव्हत्या. बाबांच्या घरात शिरकाव झालेली सगळ्यात कडक वस्तू म्हणजे आईचा काढा.

हवालदारानं डिकी बघितली, माझ्या दोन्ही बॅगा हलवल्या. झालं, असं वाटून मी श्वास सोडला, तेवढ्यात त्यानं पुढच्या सीटखाली हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही भलीमोठी बाटली बाहेर काढली.

"आ कोनी छे?"

कुणाची ही? मला घाम फुटला. विकी तर घाबरून थेट घरच्या अहिराणीत शिरला. "आईशप्पथ, मनी नही शे साहेब!"

"ड्रायव्हर सगळे असंच बोलतात." हवालदारानं किल्ली काढून घेतली. "चल उतर. गाडी जमा होणार."

मी उतरले. काय बोलत होते माझं मला कळत नव्हतं. विकीवरच भडकले, "अरे गाढवा, आजच सुचलं तुला?" तो रडकुंडीला आलेला. विमान गेलं, नोकरी गेली, आता सोमवारी परत त्याच वर्गात, त्याच फळ्यापाशी.

बाबा सावकाश दार उघडून खाली आले.

"साहेब, पोराला सोडा. ती माझी आहे."

हवालदार हसला. "काका, पोराला वाचवता? सांगा, कुठली आहे?"

बाबांनी बाटलीकडे बघितलं. "नाव नाही माहीत. नाक्याजवळच्या दुकानातून काल घेतली. मोठी मागितली मी. लहान तुम्हाला दिसली नसती तर?"

हवालदाराला काही कळेना. मला कळलं.

"बाबा?"

"मला वाटलं, गाडी अडवतील. दोन-तीन तास जातील. विमान चुकेल." ते माझ्याकडे बघत नव्हते. "विकीवर येईल हे नाही सुचलं. खरंच नाही सुचलं. अकलेचं दिवाळं निघालं माझ्या."

"अहो, पेढे वाटलेत तुम्ही!" आई गाडीतून म्हणाली. "महिनाभर मी एकटी वाईट ठरले!"

हवालदार आईकडे, माझ्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याला बहुतेक मुलगी होती, किंवा त्याला आमचा कंटाळा आला. त्यानं किल्ली विकीच्या हातावर ठेवली. "गाडी जाऊ द्या. काका इथे बसतील. मोठे साहेब येऊन काय ते ठरवतील. केस होईल."

"होऊ दे," बाबा म्हणाले आणि चौकीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

आई उतरली. पदर खोचून त्यांच्या शेजारी बसली. "तू जा गं. मी आहे ह्यांच्यापाशी. हे आधी बोलले असते तर दोघांनी मिळून तुला बांधून तरी ठेवली असती."

विकीनं गाडी सुरू केली. मला आत बसवेना. राग असा आलेला की बाबांना गदागदा हलवावं, आणि त्याच वेळी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून भोकाड पसरावंसं वाटत होतं. मी बाकासमोर जाऊन उभी राहिले.

"तोंड नव्हतं का तुम्हाला? एकदा तरी म्हणायचं ना मला!"

"तू जाशीलच, माहीत होतं. मग म्हणून काय उपयोग?"

"तरी म्हणा. आत्ता म्हणा."

"केतकी, उशीर होतोय."

"म्हणा बाबा. त्याशिवाय मी हलणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा आवाज आला.

"नको जाऊस गं."

मी त्यांच्या पाया पडले. "मी जाणार, बाबा."

"हं," ते म्हणाले. "मग निघ लवकर. घोडबंदरला ट्रॅफिक असतं."