पेपरमिंटच्या कप्प्यातलं पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे. वयानं म्हणाल तर तितकंसं नाही. माझ्या पोलादावर अजून धड ओरखडासुद्धा नाही. पण मन खाऊ लागलं की म्हातारपण यायला वर्षं लागत नाहीत. माझं तसंच झालं. माझी हकीकत तुम्हाला सांगायची मला लाज वाटते, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. मला घासलं, तेल पाजलं, दोन-चार गोळ्या उडवून पारखलं आणि डब्यात घालून ओक्लाहोमातल्या एका लहान गावी पाठवून दिलं. तिथे धान्याच्या कोठारासमोर डेल्बर्टचं बंदुकांचं दुकान होतं. डेल्बर्टनं मला काचेच्या पेटीत ठेवलं. मी लहान, हलका, काळाभोर. माझा चाप इतका हलका होता की बोटानं नुसतं मनात आणावं आणि तो मागे यावा. याचा मला काय तोरा होता म्हणून सांगू!

माझ्या शेजारी एक जुनं रिव्हॉल्व्हर पडून असे. अडतीस नंबरच्या गोळीचं. लाकडी मुठीचं, वजनदार, आणि त्याचा चाप असा लांबलचक नि जड की ओढता ओढता माणसाला दुसऱ्यांदा विचार करायला वेळ मिळावा. मी त्याला मनातल्या मनात हसत असे. हे कोण घेणार, असं मला वाटायचं.

एके दिवशी मर्ल आणि लुआन हे नवरा-बायको दुकानात आले. लुआनचं गावात नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांचं कपडे धुवायचं दुकान होतं. संध्याकाळी गल्ला घेऊन ती एकटी घरी जायची. त्या आठवड्यात पलीकडच्या पेट्रोलपंपावर चोरी झाली आणि मर्लनं धसका घेतला. बायकोजवळ काहीतरी पाहिजेच, असं त्यानं ठरवून टाकलं.

लुआननं पेटीकडे पाहिलं आणि सरळ त्या रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं. डेल्बर्टनं ते रिकामं करून तिच्या हातात दिलं. तिनं मुठीवर बोटं बसवली, भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांवर नेम धरला आणि म्हणाली, "हे बसतंय माझ्या हाताला."

"अगं, ते तुझ्या आजीच्या काळातलं!" मर्ल हसला. "आणि अडतीसची गोळी? चोर म्हणेल, बाई, गुदगुल्या नको करूस."

दुकानात कॉफी पीत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना तेवढंच पाहिजे होतं. एक म्हणाला, पंचेचाळीसच्या खाली बोलूच नये. दुसरा म्हणाला, नऊ मिलिमीटरनं भागतं सगळं, तुझं पंचेचाळीस घाल चुलीत. दोघांची चांगलीच जुंपली. लुआन हातात रिव्हॉल्व्हर धरून उभीच.

"मर्ल, एक सांगू?" डेल्बर्ट म्हणाला. "गोळी केवढी ते नंतर बघ. जिच्या हातात जायचंय तिला पेलतंय का ते बघ. पिस्तूल जितकं हलकं, तितका त्याचा झटका जास्त."

"ती काय कागदाची बनलीय का?" मर्लनं मला उचललं. "हे बघ. नऊचं आहे, हलकं आहे, पर्समध्ये कळणारसुद्धा नाही. बायकांसाठी असंच लागतं."

"मर्ल, मला ते..." लुआन म्हणाली.

"तुला कळत नाही त्यातलं, राणी."

लुआननं रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवलं. आणि मित्रांनो, मला आनंद झाला! मी जिंकलो असं मला वाटलं. डेल्बर्टनं माझ्यासोबत एक कडक कातडी म्यान दिलं आणि बजावलं, "याचा चाप हलका आहे. म्यानाशिवाय हे कुठेही ठेवायचं नाही. पर्समध्ये तर नाहीच नाही." मर्ल हो हो म्हणाला आणि पैसे देऊन मोकळा झाला.

त्याच शनिवारी गावाबाहेरच्या मातीच्या बांधासमोर लुआननं मला चालवलं. पहिल्याच गोळीला मी तिच्या हातात असा उसळलो की अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोललं. दुसऱ्या गोळीला तिनं आधीच डोळे मिटले. तिसरी तिनं उडवलीच नाही.

"होईल सवय," मर्ल म्हणाला. "आणि हे बघ, नळीत गोळी भरलेलीच ठेवायची. ऐन वेळी भरत बसलीस तर चोर काय थांबून राहणार आहे?"

"मला भीती वाटते रे."

"म्हणून तर घेतलंय!"

त्या दिवसानंतर ती मला घेऊन बांधावर कधी गेली नाही. मी तिच्या मोठ्या कापडी पर्समध्ये राहायला गेलो. चष्म्याचं घर, चर्चमधली पत्रकं, यंत्रात अडकलेली नाणी काढायची पक्कड आणि सुट्या पेपरमिंटच्या गोळ्या, असा माझा शेजार होता. पहिले काही दिवस मी म्यानात होतो. पण म्यान कडक, त्यानं पर्सची चेन लागेना. एका दुपारी वैतागून लुआननं ते काढलं आणि दुकानातल्या खणात, सापडलेल्या बटणांच्या डब्याशेजारी टाकून दिलं. मला वाटलं, बरं झालं, मोकळं वाटलं!

पुढे एकदा मर्ल गळका नळ दुरुस्त करायला दुकानात आला. पाना शोधताना त्यानं तो खण उघडला. म्यान त्याला दिसलं. त्यानं ते हातात घेतलं, लुआनकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं. ती गिऱ्हाइकाशी बोलत होती. त्यानं म्यान परत ठेवलं आणि खण लावून घेतला. बोललो तर लुआन पिस्तूलच परत कर म्हणेल, असं त्याच्या मनात आलं असावं. पर्सची चेन उघडी होती, म्हणून मला हे सगळं दिसलं.

आता ऑपलबद्दल सांगितलं पाहिजे. ऑपल ही मर्लची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. दर रविवारी चर्चमध्ये पियानो ती वाजवायची. बाकीचे दिवस ती लुआनच्या दुकानात मदतीला यायची आणि यंत्रं घरघरत असताना गावात जन्मणाऱ्या बाळांसाठी लोकरीची पांघरुणं विणत बसायची. नणंद-भावजयीचं इतकं जमायचं की मर्ल चिडून म्हणायचा, "तुम्ही दोघी एकमेकींशी लग्न करायला हवं होतं." ऑपल म्हणायची, "केलं असतं रे, पण तुला भाकरी कोणी घातली असती?"

त्या दिवशी बुधवार होता. चर्चमध्ये गाण्याची तालीम होती आणि ऑपलला उशीर झाला होता. विणकाम आवरताना तिची पिशवी सापडेना. हातातली क्रोशाची सुई तिनं घाईत जवळच्या पर्समध्ये खोचली. ती पर्स लुआनची होती. सुई पेपरमिंटच्या गोळ्यांतून सरकत खाली आली आणि थेट माझ्या चापाभोवतीच्या कडीत शिरली.

मला ती थंडगार सुई जाणवली. मला ओरडावंसं वाटलं. पण पिस्तुलाला एकच आवाज असतो.

"ऑपल, माझी पर्स दे गं जरा!" लुआननं आतून हाक मारली.

ऑपलनं उजव्या हातानं पट्टा धरला आणि डावा हात खाली लावून पर्स झटक्यात उचलली. सुईचं टोक पक्कडीला टेकलं. चाप मागे आला. हलका होता ना माझा चाप!

पुढचं मी थोडक्यात सांगतो. कापड जळल्याचा वास आला. पेपरमिंट फरशीभर उडाल्या आणि त्यांच्यात सुईही कुठेतरी जाऊन पडली. ऑपल खाली बसली आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत नुसती म्हणाली, "अगं बाई." लुआननं यंत्रातून गरम टॉवेल ओढून काढले आणि तिचा हात त्यात गुंडाळला. ती सारखी म्हणत होती, "मी काय केलं, मी काय केलं हे." ऑपलचा जीव वाचला. पण डाव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत.

पोलिसांनी चौकशी केली, अपघात म्हणून सोडून दिलं आणि मला परत केलं. मर्लनं मला कपाटात कुलुपात टाकलं. गावात जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, "आपोआप उडालं हो. पिस्तूलच खराब निघालं." मित्रांनो, मी आपोआप उडत नाही. पण नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं?

लुआननं हाय खाल्ली. दुकानाला टाळं लागलं. चर्चमध्ये जाणं तिनं बंद केलं. तिथे पियानोसमोर आता दुसरंच कोणी बसायचं आणि ते तिला बघवलं नसतं. ऑपल घरी आली नाही, तिचा फोनही आला नाही. कपाटाच्या दारातून मला लुआनचं बोलणं ऐकू यायचं. "ती माझं तोंड बघणार नाही आता," ती म्हणायची. "मी म्यान काढलं, मर्ल. मीच काढलं." आणि मर्ल म्हणायचा, "जाऊ दे, राणी. पिस्तूलच खराब होतं." खण उघडल्याचं त्यानं एकदाही सांगितलं नाही. तिनं सगळा दोष एकटीच्या डोक्यावर घेतला होता आणि तो बघत बसला होता.

शेवटी पानगळीच्या दिवसांत मर्ल मला डेल्बर्टला परत द्यायला निघाला. त्यानं लुआनला जबरदस्तीनं सोबत घेतलं. म्हणाला, जरा हवा तरी लागेल. दुकानात तेच दोन म्हातारे कॉफी पीत बसले होते. लुआन आत आल्यावर त्यांनी कपात डोकी घातली.

डेल्बर्टनं मला उघडून, उलटंपालटं करून तपासलं. मग म्हणाला, "मर्ल, यात काही खराब नाही."

"आपोआप उडालं ते."

"हे आपोआप उडत नाही. तुला माहीत आहे."

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. ऑपल आत आली. बाहेर भावाची गाडी बघून ती रस्त्यापलीकडून आली होती. डावा हात तिनं कोटाच्या खिशात घातला होता. लुआन मागे सरली आणि भिंतीला टेकली.

"ऑपल, मला ओरड," ती म्हणाली. "काय वाटेल ते बोल. पण अशी गप्प नको राहूस. मी म्यान काढलं होतं..."

"गप्प बस," ऑपल म्हणाली. "सुई माझी होती."

कोणाला काही कळेना.

"माझी सुई. तुझ्या पर्समध्ये मी खोचली. पिस्तूल आहे हे ठाऊक असून खोचली. कोणत्या तोंडानं येणार होते तुझ्या घरी? तू रडतेस हे लोकांकडून ऐकत होते आणि सुई माझी होती हे सांगायची छाती होत नव्हती." बोलता बोलता ती काचेवर वाकून हमसून हमसून रडू लागली. लुआन धावली आणि तिनं तिला घट्ट धरलं.

मर्ल त्या दोघींकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी काढली.

"म्यान मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "खणात. हातातसुद्धा घेतलं होतं. आणि परत ठेवलं." म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. तो त्यांच्यासमोरच बोलत राहिला. "नळीत गोळी ठेव असं मी सांगितलं. हे पिस्तूल मी घेतलं. तिला ते नको होतं. ती सांगत होती मला. इथेच उभी राहून सांगत होती."

लुआननं ऑपलला सोडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "इतके दिवस, मर्ल?" ती म्हणाली. एवढंच. मर्लची मान जी खाली गेली ती वर आली नाही. मला वाटलं, ती त्याच्या अंगावर धावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळानं लुआननं पेटीत डोकावून विचारलं, "डेल्बर्ट, ते रिव्हॉल्व्हर?"

"ते केव्हाच गेलं. एका म्हाताऱ्या बाईंनी नेलं. हाताला बसलं त्यांच्या."

त्या दोघी हातात हात घालून बाहेर पडल्या. मर्ल मागून एकटा गेला.

डेल्बर्टनं मला विकलं नाही. माझ्या पोटातली, गोळीवर आदळून ती उडवणारी टोचणी काढून टाकली, म्हणजे आता माझ्यातून कधीच गोळी सुटणार नाही. दुकानात नवं जोडपं आलं की तो मला काचेवर ठेवतो आणि ऑपलनं दिलेली ती क्रोशाची सुई माझ्या चापाच्या कडीत घालतो. पर्स उचलावी तसा मला उचलतो. खट्. मग मला म्यानात घालून पुन्हा सुई टोचून दाखवतो. काही होत नाही. तेवढंच तो दाखवतो, जास्त बोलत नाही. मी मात्र प्रत्येक 'खट्' ऐकून दचकतो.

ऑपल रविवारी पुन्हा पियानोसमोर बसते म्हणे. उजव्या हातानं वाजवते. लुआन तिच्या शेजारी बसून पानं उलटते. लोक चांगलं म्हणतात. पण पूर्वीसारखं ते नाही, आणि ते तसं का नाही हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, मी कुठे दिसलो तर मला हात लावू नका, लगेच मोठ्या माणसाला हाक मारा. आणि मोठे झाल्यावर दुसऱ्या कोणासाठी काही निवडायची वेळ आली, मग ती वस्तू कुठलीही असो, तर ती ज्याच्या हातात जायची आहे त्याला आधी विचारा. विचारलंत की त्याचं ऐका. लुआननं सांगितलं होतं. ऐकायला आम्ही सगळे तिथे हजर होतो.