मागणीवाचूनची पेटी

माझे सासरे शवपेट्या बनवतात आणि रविवारी चर्चच्या मंडळीत शास्त्र शिकवतात. हात आणि तोंड, दोन्हींना विसावा म्हणून नाही. कारखाना घराच्या खालीच. मोठ्या पेट्या तिथं भिंतीला लावून तयार असतात, पण लहान मुलाची पेटी मागणी आल्याशिवाय करायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम.

मला आठवा महिना होता. त्या दुपारी चहा घेऊन खाली गेले, तर टेबलावर हातभर लांबीची पेटी, आणि मामंजी तिच्या कडा घासत होते.

"कुणाची मागणी?"

ते कडा घासतच राहिले. आणि मला उमगलं. आदल्या दिवशी तपासणीनंतर डॉक्टरांनी नवऱ्याला एकट्याला आत बोलावलं होतं. 'काही नाही गं,' असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली. बापाला मात्र सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"लेकरू अजून पोटात आहे, आणि तुम्ही माप घेऊन मोकळे!" मी कडाडले.

"पोरी, ऐक. लहानग्या येशूला ज्ञानी लोकांनी गंधरस दिला. प्रेताला लावतात तो. तरी मरियेनं घेतलाच ना? देव माणूस झाला म्हणजे मरणारा देह घेतला त्यानं, वरून नुसता हुकूम सोडला नाही. इतकी वर्षं हेच शिकवतोय. म्हटलं, आपणही मनाची तयारी..."

"मरियेला देवदूत तरी भेटला होता. माझ्या नशिबी तुम्ही!"

आणि मग सकाळपासून गिळून बसले होते ते तोंडातून निघालंच. "मामंजी, बाळ आज हललेलं नाही."

त्यांच्या हातातला पॉलिश पेपर खाली पडला. ते तसेच अनवाणी गाडी आणायला धावले.

दवाखान्यात नर्सनं पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाळ गेलं होतं. नवरा अजून वाटेतच होता.

मामंजींकडे प्रत्येक प्रसंगाला एक वचन असतं. आताही त्यांनी तोंड उघडलं. मला ते ऐकवलं नसतं. मी त्यांचा भुशानं माखलेला हात घट्ट धरला.

"वचन नको. तुमचा देव खरंच माणूस झाला असेल, तर त्याला म्हणावं, इथं माझ्याजवळ बस. आणि काही बोलू नकोस."

मामंजींनी स्टूल ओढलं आणि बसले.