उन्हाचं पाणी

ललितचं एक हुकमी वाक्य होतं, ‘मी सांगतो ना’. केळीची बाग कधी कापायची, मुलाला कोणत्या शाळेत घालायचं, नूतनने माहेरी भडगावला किती दिवस राहायचं, सगळ्यावर हेच उत्तर. असोद्यात लग्न होऊन आल्यापासून ती ते ऐकत आली होती. आता हिमाचलात, चहूकडे बर्फाचे डोंगर आणि समोर ओढा, तरी तेच चाललं होतं.

सहलीचा हट्ट मात्र नूतनचा. केळी कापून झाली, पोरगा आजीकडे राहिला आणि दहा वर्षांत पहिल्यांदा दोघंच कुठंतरी निघाली. वाटाड्या घेऊ, असं ती म्हणाली होती. पण ललितने सातपुडा पायाखाली घातलेला. पाठीवर तंबू टाकून हिंडायला त्याला वाटाड्या कशाला लागतो?

कालच्या मुक्कामावरची बाकीची मंडळी पहाटेच ओढा ओलांडून खिंडीकडे गेली होती. नूतनने ललितलाही उठवलं होतं. साहेब उठले सावकाश, चालले सावकाश, ओढ्यापाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. तिथं त्याने बूट काढले आणि दशम्यांचं फडकं सोडलं.

“अहो, आधी पलीकडे जाऊ, मग जेवू.”

“पानी गुडघ्याइतकंच आहे. आभाळात ढग नाही, वर कुठी पाऊस नाही. पूर येईन कुठून? मी सांगतो ना.”

यात त्याचं चुकलं तरी काय म्हणावं? त्याच्या उभ्या आयुष्यात नदी चढली ती पावसाने. उन्हाने नदी आटते, विहीर तळाला जाते, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नूतनलाही तेवढंच ठाऊक होतं, म्हणून तिला उलटून बोलता येईना. पण ती माणसं पहाटे एवढ्या घाईने का गेली, हे काही तिच्या मनातून जाईना.

जेवून त्याने टोपी तोंडावर ओढली आणि चांगली डुलकी काढली. जागा झाला तेव्हा पाणी गढूळ झालं होतं.

“आधी सामान नेतो,” तो म्हणाला, “मंग तुले हाताले धरून नेतो.”

मध्यावर पाणी त्याच्या मांडीला लागलं. दोनदा तोल गेला, पण पोचला. सॅक ठेवून वळला, तोवर ओढा आणखी फुगला होता. तळाचे धोंडे गडगडल्याचा आवाज येत होता. तेव्हा कुठे नूतनच्या डोक्यात उजेड पडला. वर पाऊस नव्हता, बर्फ होता, आणि सकाळपासून ऊन त्या बर्फावर पडत होतं. इथं ऊन पाणी आटवत नव्हतं, आणत होतं. ते आता संध्याकाळपर्यंत चढतच राहणार होतं.

ललित परत पाण्यात उतरला. पाण्याने त्याला उचलून खडकावर आपटलं. तो कसाबसा पलीकडच्याच काठावर सरपटला, उठला आणि पुन्हा उतरायला लागला.

“येऊ नका!” ती दोन्ही हात हलवून ओरडली. हाक पोचत नव्हती. पोचली असती तरी त्याने कधी ऐकली होती? हाताला धरून नेतो, असं बोलून बसला होता, आता तो शब्द खाली पडू देणार नव्हता. ती समोर दिसत राहिली तर हा माणूस पाण्यात जीव देईल, याची तिला खात्री होती.

तिने पाठ फिरवली आणि कालच्या मुक्कामाची वाट धरली. तिथं एकाचा चहाचा तंबू होता, उजेड असेपर्यंत पोचता आलं असतं. मागं वळून एकदाही पाहिलं नाही. आधी नुसती भीती होती. मग राग आला, दहा वर्षांचा. पाय भराभर पडायला लागले. ते बरं वाटतंय, याची तिला लाजही वाटली. तरी ती थांबली नाही.

सकाळी, उन्हाच्या आधी, ती चहावाल्याला घेऊन ओढ्यावर आली. पाणी पुन्हा गुडघ्याइतकंच होतं. पलीकडे ललित सॅकला टेकून बसला होता. कपाळ फुटलेलं, डोळे सुजलेले. तिला पाहून तो धडपडत उठला आणि तिला न्यायला पाण्याकडे निघाला.

“सामान घ्या,” ती ओरडली. आज हाक पोचली. “मी तिकडे येणार नाही. तुम्ही इकडे या.”

तो आला. ‘मी सांगतो ना’ म्हणाला नाही. खिंड त्याच्या पाठीमागे राहिली.

“रातभर वाटलं, तू मले सोडून गेली,” तो म्हणाला. “एकडाव मांगं पाहिलं नाही तू.”

“पाहिलं असतं तर तुम्ही पुन्हा उतरले असते.”

त्याने मान हलवली. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण तो अजून तिच्याकडेच बघत होता, पुढचं ऐकायला, आणि असा तो आजवर कधी थांबला नव्हता. तिला खोटं बोलवेना.

“निघाली ते तुमचा जीव वाचावा म्हणून,” नूतन म्हणाली. “पन अर्ध्या वाटेनंतर मलेही तसंच वाटत होतं. की मी तुम्हाले सोडून चालली.”